सूट घातलेले आकडे

आमचे साहेब फिक्री बे लाल समुद्राकाठच्या एका हॉटेलात प्रशिक्षण घेऊन परत आले आणि आमच्या ऑफिसातल्या आकड्यांवर संक्रांत आली. प्रशिक्षणाचा विषय होता ‘माहितीचं सुंदर सादरीकरण’. माहिती किती सुंदर झाली ते पुढे कळेलच. फिक्री बेंच्या नाकाची सालं मात्र पुढचे कित्येक दिवस निघत होती, आणि फायलींवर पडत होती.

मी साफिनाझ. तान्ता शहरातल्या सरकारी फ्लॅट वाटपाच्या ऑफिसात डेटाबेस सांभाळते. मी नोकरीला लागले तेव्हा माझे केस काळे होते आणि इमारतीची लिफ्ट चालू होती. आम्ही फ्लॅट वाटतो असं पाटीवर लिहिलंय. खरं तर आम्ही आशा वाटतो, कारण तिचा साठा कधी संपत नाही. फ्लॅट क्वचित येतात. आले की अर्ज मागवतात, अर्जदारांना गुण देतात, आणि जास्त गुणवाल्यापासून सुरुवात करून फ्लॅट संपेपर्यंत वाटत खाली येतात.

गुण कशाचे, तर दुःखाचे. ज्याचं जितकं वाईट झालेलं, त्याचं आमच्याकडे तितकं चांगलं. बाप नसेल तर गुण, आई नसेल तर आणखी. अंगात व्यंग असेल, पदरात कोणी पडलेलं असेल, डोक्यावर धड छप्पर नसेल, तर त्या प्रत्येकाचे वेगळे. आणि साखरपुडा पाच वर्षांहून जुना असून घराअभावी निकाह अडला असेल, तर वरचे दहा. निकाह लागला की हे दहा गेले. सरकारला सुखी माणसं दिसली की हात आखडता घ्यावासा वाटतो.

या परीक्षेत अख्ख्या शहरातून एकालाच शंभरपैकी शंभर मिळाले. तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. त्याचं नाव वग्दी. आमच्या सगळ्या क्वेऱ्या, म्हणजे डेटाबेसला विचारायचे प्रश्न, तोच लिहितो. आईबाप लहानपणी गेले. डावा पाय बसखाली सापडून आखूड झालेला. तलाक मिळालेली बहीण आणि तिची पोरं त्याच्याच पगारावर. सगळे मिळून एका गच्चीवरच्या खोलीत राहतात. शेजारी घरमालकाची कबुतरं राहतात, आणि त्यांची खोली मोठी आहे. गुण कळले त्या दिवशी आम्ही विभागात बसबूसा, म्हणजे रव्याची मिठाई, मागवली आणि टाळ्या वाजवल्या. एखाद्या माणसाची इतकी वाट लागल्याचा इतका आनंद मी पूर्वी कधी पाहिला नव्हता.

“अब्ला साफी,” वग्दी म्हणाला, “शाळेत मला कधी पैकीच्या पैकी मिळाले नाहीत.” अब्ला म्हणजे थोरली बहीण, जसं बे म्हणजे साहेब. ऑफिसात मी सगळ्यांचीच थोरली आहे. फिक्री बेंचीसुद्धा, पण ते मान्य करत नाहीत.

वग्दीला तो फ्लॅट हवा होता तो इनाससाठी, जिच्याशी त्याचा साखरपुडा झाला होता. इनासचे वडील हाज सबरी, हज करून आलेले म्हणून हाज. सय्यद बदवीच्या मशिदीमागे त्यांचं हलव्याचं आणि भाजलेल्या चण्यांचं दुकान आहे. गल्ल्यावर इनास बसते. हाजचं म्हणणं सरळ होतं, आधी किल्ली दाखव, मग निकाह लाव. दर रमजानात वग्दी कुनाफाच्या मिठाईचा डबा घेऊन त्यांच्याकडे जायचा. हाज डबा ठेवून घ्यायचे आणि वग्दीला परत पाठवायचे. असे किती डबे गेले त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही, पण इनासच्या मैत्रिणींची मुलं शाळेत जायला लागली.

यंदा हाजचा धीर सुटला. त्यांचा एक पुतण्या आहे, मुन्इम. कुवेतमध्ये एसी बसवण्याचा धंदा करतो, आणि सुट्टीला आला की काकांच्या दुकानात खुर्ची टाकून ‘आमच्या कुवेतमध्ये’ करत बसतो. त्यालाही इनास पसंत होती. त्यानेही आमच्याकडे अर्ज टाकून ठेवला होता, कारण अर्ज टाकायला काय जातं. हाजनी वग्दीला बोलावून सांगितलं, “पोरा, या यादीत तुझी किल्ली आली तर पोरगी तुझी. नाही आली तर मी मुन्इमला हो म्हणतो. मी काही सैतान नाही, पण ती काही लोणचं नाही मुरत ठेवायला.”

वग्दी निर्धास्त होता. शंभर गुणवाल्याच्या पुढे कोण जाणार? आम्हीही निर्धास्त होतो. फक्त नियम असा की अर्जदाराने यादीच्या क्वेरीला हात लावायचा नाही. म्हणून वग्दीला त्या कामातून बाजूला केलं. मी म्हटलं, मी करते. पण फिक्री बे नुकतेच सौंदर्य शिकून आले होते. ते माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि माझ्या स्क्रीनकडे पाहून त्यांचा चेहरा पडला.

“मॅडम साफिनाझ, हे काय आहे?”

“आकडे आहेत, बे. अर्जदारांचे गुण.”

“नागडे आहेत,” ते म्हणाले. “पंच्याऐंशी, मग टिंब, मग ही शून्यांची शेपटी. आणि वर फिरंगी लिपीत. गव्हर्नरसाहेब स्वतः किल्ल्या वाटायला येणार आहेत. त्यांच्यासमोर आपण असे आकडे उभे करायचे? उठा.”

मी उठले. ते माझ्या खुर्चीत बसले, बोटं मोडली, आणि प्रशिक्षणात शिकलेलं एकुलतं एक फंक्शन क्वेरीत टाइप केलं. त्या फंक्शनच्या कंसात आकडा घातला की पलीकडून मजकूर निघतो. शेपटी कापलेला, आपल्या लिपीतला, देखणा. मग त्यांनी यादीचा क्रमही त्या देखण्या रकान्यावरच लावला.

“बे, दिसायला काय हवं ते करा,” मी म्हटलं. “पण क्रम मूळ आकड्यावर लावा. आकड्याचा एकदा मजकूर केला की त्याला मोजणं विसरायला होतं. तो नुसती अक्षरं होऊन बसतो.”

“मॅडम, आकडा तोच आहे. फक्त सूट घातलाय. मी सूट घातला की मी फिक्री राहत नाही का?”

“राहता,” मी म्हटलं. त्याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती.

आता अक्षरांची रांग कशी लागते ते शाळेतल्या हजेरीपटावर बसलेल्या कोणालाही ठाऊक आहे. पहिलं अक्षर पाहायचं, ते सारखं असलं तर दुसरं. नाव लांब आहे की आखूड, माणूस मोठा आहे की छोटा, याच्याशी हजेरीपटाला देणंघेणं नसतं. सूट घातलेल्या आकड्यांचं तेच झालं. जास्तीपासून कमीकडे जायचं म्हणून नऊने सुरू होणारे सगळे आधी. त्यात नव्व्याण्णव ते नव्वद आले, आणि त्यांच्या पाठोपाठ, एकोणनव्वदच्याही वर, नुसता नऊ. ऐंशीच्या पाठोपाठ नुसता आठ. आणि शंभर? तो एकाने सुरू होतो. त्याची रवानगी पार तळाला, अकराच्या खाली आणि दहाच्या वर.

वरची पानं बरोबर दिसत होती. फिक्री बेंनी वरचंच पान पाहिलं. मग त्यांनी कपाटातून शिक्का काढला, त्यावर हा करून वाफ सोडली, आणि प्रत्येक पानावर गरुड बसवला. आमच्याकडे गरुडाचा शिक्का बसला की विषय संपतो. माणूस मेलाय की जिवंत आहे हेही गरुडच ठरवतो.

यादी भिंतीवर लागली तेव्हा वग्दी पहिल्या पानापाशी जाऊन उभा राहिला. मग दुसऱ्या पानापाशी. आखूड पाय ओढत तो भिंतीच्या कडेकडेने सरकत गेला आणि पार शेवटी, पाण्याच्या माठाशी पोचला. तिथे त्याला त्याचं नाव सापडलं. मी त्याच्यामागून जाऊन पाहिलं आणि मला काय झालंय ते लगेच कळलं. त्यालाही कळलं.

“भरलं म्हणून सांडलं, अब्ला,” तो म्हणाला. हसला नाही.

पहिल्या पानाच्या तळाशी, नव्वदवाल्यांच्या खाली, नऊ गुणवाले कोण कोण आहेत ते मी पाहून आले. एक दंतवैद्य होता. एक पेट्रोल पंपाचा मालक होता. आणि कुवेतचा मुन्इम होता, ज्याला बाप नसल्याचे नऊ गुण मिळाले होते. बापाने मरताना मागे तीनमजली इमारत ठेवली होती, पण इमारतीसाठी अर्जात रकाना नव्हता. दुपारी मुन्इमने आमच्या ऑफिसात हलवा वाटला. हलवा हाजच्याच दुकानातला होता, आणि पैसे त्याने दिले असतील असं मला वाटत नाही.

“गुणवत्तेवर मिळाला,” तो सगळ्यांना सांगत होता. “ओळख नाही, वशिला नाही.” आणि ते खरं होतं, हाच तर संताप होता. वशिल्याने मिळाला असता तर आम्हाला समजलं तरी असतं.

वग्दीने अपील केलं. अपिलाची कमिटी बसली. फिक्री बे, एक कायद्याचे गृहस्थ आणि एक बांधकाम खात्याचे गृहस्थ. मला साक्षीला बोलावलं. मी मूळ आकडा स्क्रीनवर दाखवते म्हटलं, तर कायद्याच्या गृहस्थांनी विचारलं, “स्क्रीनवर शिक्का आहे का?” नव्हता. मग शिक्का असलेला कागद मागवला.

इथे एक सांगायला हवं. बाहेरच्या जगात गोल कडं काढलं की शून्य होतं. आमच्याकडे गोल कडं म्हणजे पाच, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. त्यामुळे शंभर लिहायचे तर एक उभी काडी आणि पुढे दोन ठिपके, एवढंच. चांगल्या शाईत ते शंभर दिसतात. आमच्या प्रिंटरची शाई गेल्या ईदपासून संपत आली होती, आणि तो आठवण करून द्यायला पानभर शिंतोडे उडवायचा.

“वग्दी,” कायद्याच्या गृहस्थांनी वाचलं. “गुण, एक.”

“शंभर,” मी म्हटलं.

“मला एक काडी दिसते, मॅडम.”

“पुढे दोन ठिपके आहेत.”

“ठिपके कुठे नाहीत? हा बघा, गरुडाच्या चोचीवर आहे. हा फिक्री बेंच्या सहीवर आहे.”

“आमचा प्रिंटर थुंकतो,” फिक्री बेंनी खुलासा केला.

बांधकामवाले गृहस्थ व्यवहारी होते. त्यांनी कागद उजेडात धरला आणि करंगळीच्या नखाने पहिला ठिपका खरवडला. तो जागचा हलला नाही. दुसरा खरवडला, तो निघून नखाला चिकटला. “हा गेला,” ते म्हणाले आणि नख फुंकलं. “म्हणजे घाण होती. पहिला पक्का आहे. काडी आणि एक ठिपका. दहा.”

“अभिनंदन, पोरा,” फिक्री बे वग्दीला म्हणाले. “एकाचे दहा झाले.”

पण कायद्याचे गृहस्थ असे सोडणारे नव्हते. त्यांनी दहा गुणवाल्यांची नावं पाहिली. ती वर्णक्रमाने होती, आणि वग्दीचं नाव ‘व’चं, म्हणजे आमच्या वर्णमालेत जवळजवळ शेवटचं. दहावाल्यांत तो शेवटी यायला हवा होता, पण होता सगळ्यांच्या वर. “अकराच्या खाली आहे आणि दहांच्या वर आहे,” ते विचार करत म्हणाले. “यंत्र चुकत नाही. म्हणजे याला अकरापेक्षा थोडे कमी आणि दहापेक्षा थोडे जास्त असणार.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कमिटीने एकमताने वग्दीला साडेदहा गुण दिले. अर्धा गुण आमच्या नियमात कुठेच नाही, तो त्यांनी दयेपोटी निर्माण केला. मग साडेदहा गुणांना फ्लॅट मिळत नाही म्हणून अपील फेटाळलं, आणि त्यावर गरुड बसवला.

बाहेर येऊन वग्दी जिन्यावर बसला. “एकाचे साडेदहा झाले, अब्ला. अजून नऊ-दहा अपिलं केली तर शंभराला पोचेन.” मग तो पायाकडे बघत म्हणाला, “हाजनी काझीला गुरुवार दिलाय. इनास गल्ल्यावर बसत नाही आता. आत बसते.”

मला वाईट वाटायला हवं होतं, पण मला राग आला. इतका की कान गरम झाले. त्या शंभरातली एकेक गोष्ट या माणसाने अंगावर काढली होती. बस अंगावरून गेली ती एका ठिपक्याएवढी होती का? आणि हे तिघं नखाने खरवडून बघणार. मी घरी जाऊन भात करपवला, आणि करपलेला खाल्ला. ओरडून भांडून फिक्री बेंसमोर काही उपयोग नव्हता. चूक दाखवली की ते चुकलेले राहत नाहीत, साहेब होतात. त्यांना फक्त सौंदर्य दाखवून हलवता येतं, हे सकाळी चहा उकळताना माझ्या लक्षात आलं.

गव्हर्नरसाहेब बुधवारी यायचे होते. मंगळवारी सकाळी मी पुदिना घातलेला चहा घेऊन फिक्री बेंच्या केबिनमध्ये गेले आणि यादीचं पान त्यांच्यापुढे ठेवलं.

“बे, यादी फार देखणी झालीये. फक्त एक बोलू का? कडेने बघा जरा. कुठे एक अंक, कुठे दोन. कड सरळ नाही. दात पडलेल्या माणसाने हसावं तसं दिसतं.”

त्यांनी चष्मा चढवला. पान लांब धरलं, जवळ धरलं. “खरंच की,” ते म्हणाले, आणि त्यांना मनापासून दुःख झालं. “मला कसं नाही दिसलं?”

“सगळे एका उंचीचे असते तर. परेडमधल्या शिपायांसारखे.”

“थांबा.” त्यांनी हात वर केला. “सगळ्यांना तीन-तीन घरं द्यायची. ज्याची घरं रिकामी राहतील त्यात पुढे शून्य भरायची. हे मला हॉटेलातच सुचलं होतं.”

“कमाल आहे,” मी म्हटलं.

त्यांनी स्वतःच्या हाताने क्वेरीत तसं घातलं. नऊचं झालं ठिपका, ठिपका, नऊ. पंच्याऐंशीचं झालं ठिपका, पंच्याऐंशी. शंभराला काही लावावंच लागलं नाही, त्याची तिन्ही घरं आधीच भरलेली. क्रम अजूनही मजकुरावरच होता, त्याला मी हात लावला नाही. पण आता हजेरीपटावर सगळ्यांची नावं सारख्या लांबीची होती. बाकी सगळे शून्याने सुरू होणारे आणि एकटा एकाने. मी क्वेरी चालवली आणि वग्दी सगळ्या शहराच्या वर येऊन उभा राहिला. नऊवाले घरंगळत माठापाशी गेले.

गव्हर्नरसाहेबांसाठी म्हणून प्रिंटरला नवी शाई आणली होती. पानं काळीभोर निघाली. फिक्री बेंनी नाव एकही वाचलं नाही. त्यांनी अंगठा पानाच्या कडेवरून वरपासून खालपर्यंत फिरवला, प्रत्येक पानावर, आणि म्हणाले, “सरळ. मॅडम, ही खरी यादी.” मग शिक्क्यावर वाफ सोडली. जुनी यादी त्यांनीच भिंतीवरून काढायला लावली, कारण तिच्यामुळे भिंत घाण दिसत होती.

बुधवारी गव्हर्नरसाहेब आले, फोटो काढून घेतले, किल्ल्या वाटल्या आणि गेले. पहिली किल्ली वग्दीला मिळाली. तो परत टेबलापाशी येऊन वाटपाचा कागद पुन्हापुन्हा वाचत बसला होता, आणि मी त्याला चहा देत होते, तेवढ्यात हाज सबरी आत आले. मागून इनास. हाजच्या पायघोळ गलाबियाला अजून तीळ चिकटलेले होते, म्हणजे ते दुकानातून तसेच उठून आले होते.

“फिक्री बे,” ते म्हणाले, “माझ्या पुतण्याचे तेव्हा नऊ होते. आता बघितलं, अजून नऊच आहेत. मग तो वरून खाली पडला कसा? माडीवरून ढकललात का?”

फिक्री बेंनी यादी मागवली आणि पहिल्यांदाच नावं वाचली. त्यांच्या चेहऱ्यावर लाल समुद्राची लाली परत आली. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी प्रिंटर पुसत होते.

“हाज,” ते शेवटी म्हणाले, “यादी तीच आहे. फक्त गणवेश नवा आहे. आणि शिक्का बसलाय.”

शिक्क्यापुढे हाजनीही पुतण्याचा नाद सोडला. त्यांचं बोट यादीच्या माथ्यावर गेलं. “आणि हा वर? याला एवढे शंभर कशाचे?”

विषय मुन्इमवरून हलला म्हणून फिक्री बेंना हायसं वाटलं. त्यांनी वग्दीचा अर्ज काढून मोठ्याने वाचला. आई नाही. बाप नाही. पाय. बहीण आणि तिची पोरं. गच्ची. बँकेत शिल्लक काही नाही. प्रत्येक ओळीला हाजची मान थोडी थोडी हलत होती. वग्दी कागदाकडे बघत होता.

“म्हणजे,” हाज हळू म्हणाले, “सरकार शिक्का मारून सांगतंय की अख्ख्या तान्तात याच्याइतका कमनशिबी दुसरा कोणी नाही. आणि त्याच शिक्क्याच्या जोरावर मी याला मुलगी द्यायची?”

इतक्या वर्षांत मी त्या गुणांकडे या बाजूने कधी पाहिलंच नव्हतं. फ्लॅट मिळवायला माणसाने जे सिद्ध करायचं, तेच सिद्ध झालं की सासरा मिळत नाही. वग्दीने किल्ली टेबलावर ठेवली. मला वाटलं, संपलं.

“नव्वद,” इनास म्हणाली.

“काय नव्वद?” हाजनी विचारलं.

“त्याचे नव्वदच आहेत, बाबा. वरचे दहा तुम्ही दिलेत.” ती पुढे आली आणि तिने अर्जाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “पाच वर्षांहून जुना साखरपुडा. हा अर्ज मी भरलाय, गल्ल्यावर बसून, तुमच्याच पेनाने. बाकीचं त्याला अल्लाने दिलं. हे एक आपल्या घरातून गेलं.”

हाजनी ती ओळ स्वतः वाचली.

“आणि ती पहिली यादी मी पूर्ण वाचली होती,” इनास म्हणाली. “त्यात नव्वदवाल्यांना सगळ्यांना फ्लॅट होते. तुम्ही निकाह वेळेवर लावून दिला असता तर याचे नव्वद राहिले असते, आणि याला तेव्हाच किल्ली मिळाली असती. हा शंभर झाला म्हणून पडला. तुमच्या दहांनी पडला.”

फिक्री बे नव्वद आणि दहा बोटांवर जुळवून बघत होते. हाज वग्दीच्या समोरच्या खुर्चीत बसले, गलाबियावरचे तीळ एकेक करून झटकले, आणि मग हात पुढे केला. “कागद दे.”

वग्दीने वाटपाचा कागद दिला. हाजनी तो हातभर लांब धरला. “इमारत कळली. मजला कितवा? इथे काही लिहिलेलंच नाही. नुसता डाग पडलाय.”

“डाग नाही, हाज,” वग्दी म्हणाला. “शून्य आहे. तळमजला. पायामुळे दिला.”

हाजनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि अंगठ्याच्या नखाने तो ठिपका खरवडला. नख पाहिलं. पुन्हा जोर लावून खरवडला. मी पुढे वाकून पाहिलं. शाई नवी आहे हे मला माहीत होतं, तरी वाकले.

“जात नाही,” हाज म्हणाले.

“नाही जायचा,” इनास म्हणाली.

त्यांनी कागदाची घडी घातली आणि ती वग्दीला परत न देता स्वतःच्या खिशात ठेवली. टेबलावरची किल्ली उचलून वग्दीच्या हातात दिली. मग उठून दाराकडे जाता जाता, कोणाकडेही न बघता म्हणाले, “काझीला गुरुवार दिलेलाच आहे. नवऱ्याचं नाव अजून सांगायचं राहिलंय.”